श्रीरंगपट्टणहून परतलेले : चर्चचं दार आणि गावाचं दार

आपल्या हुबळी-धारवाड भागात टिपू सुलतान म्हटलं की दोन गोष्टी लगेच आठवतात. एक म्हणजे 1785 चं नरगुंद, दुसरी म्हणजे 1790-91 चा धारवाडच्या किल्ल्याचा वेढा. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने कॅप्टन लिटलच्या इंग्रज तुकडीसह जवळजवळ सात महिने हा वेढा चालवला आणि 1791 च्या एप्रिलमध्ये बद्रुझ्झमानखानाने किल्ला खाली केला. या दोन्ही विषयांवर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. आजचा विषय त्याच काळातला, पण घाटाखालचा. टिपूने कानडा किनाऱ्यावरच्या कोकणी ख्रिस्ती लोकांना उचलून श्रीरंगपट्टणला नेलं, ही हकिकत बऱ्याच जणांना ऐकून ठाऊक असते. टिपूवर वाद झाला की एक बाजू ती सांगते आणि दुसरी बाजू त्याने शृंगेरीच्या मठाला केलेली मदत सांगते. दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत.

मला त्या वादात शिरायचं नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. पंधरा वर्षांनी ही माणसं परत आली, तेव्हा काय झालं? मधल्या काळात त्यांची सुंता झाली होती, नावं बदलली होती, चर्च तर नव्हतंच. अशा माणसाला त्याच्या चर्चने परत कसं घेतलं? आणि चर्चने घेतलं म्हणजे गावानेही घेतलं का?

1784 : नेमकं काय घडलं

हे लोक मूळचे गोव्याकडचे. सोळाव्या ते अठराव्या शतकात दुष्काळ, साथी, लढाया, करांचा बोजा आणि इन्क्विझिशनचा जाच अशा निरनिराळ्या कारणांनी त्यांचे पूर्वज दक्षिणेकडे सरकले. इक्केरीच्या नायकांनी त्यांना जमिनी दिल्या, शेतीत त्यांचा जम बसला. हैदरअलीच्या काळापर्यंत त्यांच्याकडे चांगल्या जमिनी होत्या.

दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात जनरल मॅथ्यूजच्या फौजेने मंगळूर घेतलं. या लोकांनी इंग्रजांना पैसा आणि मदत पुरवली असा टिपूचा संशय होता. मंगळूर परत हाती येत असतानाच त्याने हुकूम काढला. 1784 च्या फेब्रुवारीअखेर, राखेच्या बुधवारच्या सुमारास, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसांत, धरपकड झाली. पाद्रींना हद्दपार केलं, जमिनी जप्त झाल्या. परंपरा 27 चर्च पाडल्याचं सांगते. बायका-मुलांसह सगळ्यांना घाट चढवून श्रीरंगपट्टणला चालवत नेलं. वाटेत आणि नंतर छावणीत किती मेले याचा हिशोब कुणीच नीट ठेवलेला नाही.

किती माणसं नेली याचे आकडे 30 हजारांपासून 80 हजारांपर्यंत सांगितले जातात. त्या काळच्या बऱ्याच लिखाणात 60 हजार हा आकडा येतो. तरुणांना मुसलमान करून अहमदी नावाच्या पलटणींत घातलं, पुष्कळ मुलींची तिथेच लग्नं लावून दिली. 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडेपर्यंत हे असं चाललं.

परतणाऱ्यांची मोजदाद

किल्ला पडल्यावर रस्ता मोकळा झाला. या परतीबद्दल दोन बाहेरच्या माणसांनी लिहून ठेवलंय आणि दोघांची नजर अगदी वेगळी आहे.

पहिला फ्रान्सिस बुकानन. हा कंपनीचा डॉक्टर. 1800-1801 मध्ये त्याने म्हैसूर, मलबार आणि कानडा पायाखाली घातला. आपल्या धारवाडपासून तासाभरावरच्या हल्याळपर्यंत तो आला होता. प्रवासाचं त्याचं पुस्तक 1807 मध्ये तीन खंडांत छापलं गेलं. 1801 च्या सुरुवातीला तो मंगळुरात होता. तो सांगतो की पंधरा हजार माणसं मंगळूर आणि आसपास परत आलेली आहेत, आणि टिपूच्या तावडीतून मलबारात निसटलेली आणखी दहा हजार, गरिबीमुळे जमेल तशी, घराकडे येताहेत. पाद्री आपापल्या लोकांना गोळा करण्यात गुंतलेत, पण हातात पैसा नसल्यामुळे एकही चर्च अजून उभं राहिलेलं नाही.

दुसरा आबे द्युब्वा, फ्रेंच कॅथलिक मिशनरी. हिंदूंच्या चालीरीतींवरच्या त्याच्या पुस्तकामुळे तो आपल्याकडे माहीत आहे. श्रीरंगपट्टण पडल्यावर तिथल्या मोडून पडलेल्या ख्रिस्ती समाजाची घडी बसवायला त्याला बोलावलं गेलं. वेलस्लीच्या शिफारशीने बोलावलं असंही सांगतात. 1823 मध्ये छापलेल्या त्याच्या पत्रांत तो म्हणतो की सुमारे दोन हजार माणसं त्याच्याकडे आली आणि वीसेक हजार मंगळूरकडे परतून त्यांनी आपली चर्च पुन्हा बांधली.

आम्हा इंजिनियर लोकांना दोन वेगवेगळ्या मापांनी एकच गोष्ट मोजली की आधी ताळा करायची सवय. बुकाननची बेरीज पंचवीस हजार, द्युब्वाची बावीस. एकाने परतीच्या ऐन धांदलीत अंदाज केला, दुसऱ्याने बऱ्याच वर्षांनी. इतका फरक समजू शकतो. चर्चच्या बाबतीतही विसंगती नाही : 1801 मध्ये बांधायला पैसा नव्हता, पुढे बांधली गेली. मंगळूरचं रोझारियो चर्च 1813 मध्ये पुन्हा उभं राहिलं. म्हणजे वीस-पंचवीस हजार माणसं परत आली हे धरून चालायला हरकत नाही. पण नेलेल्या साठ हजारांशी ताडून बघा. परतलेले निम्म्याहूनही कमी.

दार उघडं का होतं

बुकानन एक वाक्य सहज लिहून जातो, पण मला ते या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याचा आशय असा की अशा लोकांना पुन्हा आत घ्यायला ख्रिस्ती धर्माची आडकाठी नाही, म्हणून बळजबरीने मुसलमान झालेले हे लोक आपल्या पाद्रींशी जुळवून घेऊन मोकळे झाले.

ही आडकाठी नसणं आपोआप आलेलं नव्हतं. त्यामागे दीड हजार वर्षांची भांडणं आहेत. इ.स. 250 मध्ये रोमन बादशहा डेसियसने हुकूम काढला की सगळ्यांनी देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भीतीने ते केलं, काहींनी नुसता दाखला विकत घेतला. छळ थांबल्यावर हे सगळे चर्चच्या दाराशी आले. कडक पक्ष म्हणाला, यांना कधीच घ्यायचं नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन मधला मार्ग काढत होता : घ्यायचं, पण पश्चात्तापाचा काळ भरल्यावर, आणि कुणी कोणत्या परिस्थितीत काय केलं ते बघून. 325 च्या नायसिया परिषदेने तर वेळापत्रकच ठरवलं. कसलीही जबरदस्ती नसताना ज्यांनी धर्म सोडला, त्यांना तीन वर्षं नुसतं ऐकणाऱ्यांत, सात वर्षं लोटांगण घालणाऱ्यांत आणि दोन वर्षं प्रार्थनेत पण प्रसादाविना. एकूण बारा वर्षं!

पुढे एक मुद्दा पक्का झाला. बाप्तिस्मा एकदाच. तो पुसला जात नाही, म्हणून पुन्हा द्यायचा नाही. 1547 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने हे नियमात घातलं, आणि त्यात परधर्मीयांमध्ये राहून श्रद्धा नाकारलेल्या पण पश्चात्ताप करून आलेल्या माणसाचा स्पष्ट उल्लेख आहे. आपली केस अगदी हीच. म्हणजे श्रीरंगपट्टणहून आलेला माणूस चर्चच्या हिशोबाने नवा येणारा नव्हताच. तो आपलाच होता, फक्त बाहेर राहिला होता. त्याने पाद्रीजवळ कुमसार करायचा, म्हणजे पापांची कबुली द्यायची, क्षमा घ्यायची आणि रांगेत उभं राहायचं. बंदिवासात जन्मलेल्या मुलांना मात्र बाप्तिस्मा लागणार.

पण नियम एक आणि तो चालवणारे हात वेगळे. याच नियमाखाली गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन बसलेलं होतं. तिथेही परत घेण्याचा विधी होता, पण तो भर चौकात, अंगावर सांबेनितोचा झगा चढवून, मिरवणूक काढून. म्हणजे माणूस आत आला तरी त्याची बदनामी चारचौघांत होऊन जाई. गोव्याचं इन्क्विझिशन 1812 पर्यंत चालू होतं. म्हणजे 1799 मध्ये कानड्यातली माणसं घरी येत होती तेव्हा ते बंद झालेलं नव्हतं. मात्र कानड्यात आता कंपनीचं राज्य होतं आणि तिथे त्याचा हात पोचत नव्हता. गोव्याहूनच आलेले फादर मेंडिस 1799 च्या डिसेंबरात मंगळूरच्या रोझारियो चर्चचे व्हिकर झाले आणि विखुरलेल्या लोकांना गोळा करण्यात त्यांनी पुढची काही वर्षं घातली.

आत घेणाऱ्याच्या मनातलं

द्युब्वाकडे परत येऊ. त्याने त्या दोन हजारांना परत घेतलं, हे त्याचं मोठं काम. हासनजवळ सत्तेहळ्ळीला गरीब ख्रिस्ती कुटुंबांना शेतीवर बसवलं. देवीची लस टोचण्याच्या कामातही त्याचा पुढाकार होता. लोक त्याला दोड्डस्वामी म्हणत.

पण त्याची पत्रं वाचली की चटका बसतो. तो लिहितो की साठ हजारांतला एकही हुतात्मा व्हायला पुढे आला नाही, सगळे मुकाट्याने बाटले. परतल्यावर ते सांगतात की आम्ही वरवर मुसलमान होतो, मनात ख्रिस्तच होता. तो हे नोंदवतो, आणि पुढे म्हणतो की पुन्हा तशीच वेळ आली तर हे पुन्हा तसंच वागतील अशी मला भीती आहे. म्हणजे ज्या हाताने क्षमा दिली त्याच हाताने त्यांच्या भित्रेपणाची नोंद करून ती लंडनला छापली.

त्याच्यावर दात खायचं कारण नाही. हिंदुस्थानात धर्मप्रसार फळत नाही हे त्याला त्या पुस्तकात दाखवायचं होतं आणि हा त्याचा एक पुरावा होता. शिवाय तो स्वतः फ्रेंच राज्यक्रांतीच्या वादळात देश सोडून आलेला. तिथे पाद्रींची डोकी उडत होती, तेव्हा धर्मासाठी मरणं ही त्याला पुस्तकातली गोष्ट नव्हती. तरीही प्रश्न उरतोच. लेकराबाळांसह बंदी केलेल्या, पाद्री काढून घेतलेल्या शेतकऱ्याने पंधरा वर्षं मनात काही जपलं आणि सुटल्या सुटल्या पहिल्यांदा चर्चकडे चालत आला, याला भित्रेपणा म्हणायचं की चिकाटी? मला दुसरा शब्द योग्य वाटतो. नुसतं वाचायचं असतं तर श्रीरंगपट्टणलाच राहता आलं असतं.

त्याच किल्ल्यातले दुसरे कैदी

आता तुलना करू. कोडगूतल्या कोडव लोकांनाही टिपूने त्याच दशकात धरून श्रीरंगपट्टणला नेलं आणि मुसलमान केलं. किल्ला तोच, पलटणी त्याच. तिसऱ्या म्हैसूर युद्धाच्या गोंधळात, 1792 च्या सुमारास, हजारो कोडव कुटुंबं निसटून घरी गेली. पण त्यातले काही परतूनही मुसलमानच राहिले. त्यांचे वंशज आजही कोडगूत आहेत. त्यांना कोडव माप्पिळे किंवा जम्मा माप्पिळे म्हणतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांची घराण्याची नावं कोडवांचीच आहेत. घराचं नाव टिकलं, जमिनीचा हक्क टिकला, पण मूळच्या समाजात परत जायला वाट सापडली नाही.

आणि याच कोडगूच्या राजाने, दोड्ड वीरराजेंद्राने, श्रीरंगपट्टणहून पळालेल्या कोकणी ख्रिस्ती कुटुंबांना आसरा दिला. विराजपेटचं सेंट अ‍ॅनचं चर्च त्यांच्यासाठीच 1792 मध्ये सुरू झालं. पुष्कळ जण तिथेच स्थायिक झाले, मंगळूरला परत गेलेच नाहीत. एकाच डोंगराळ मुलखात परक्यांना जागा मिळते आणि घरच्या काहींना मिळत नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण कोडव वाईट आणि ख्रिस्ती चांगले असा त्याचा अर्थ काढू नये. एकांकडे परतीचा विधी तयार होता, तो चालवणारा माणूस ठरलेला होता. दुसऱ्यांकडे त्या वेळी तशी सोय नव्हती, एवढाच फरक.

विधीनंतरचं घर

विधी झाला म्हणजे माणूस घरी पोचला असं मात्र नाही. बुकानन पुढे लिहितो की या लोकांच्या जमिनी टिपूने जप्त करून लगेच इतर जातींच्या लोकांना दिल्या आणि आता त्यांच्याकडून त्या काढून घेणं अवघड आहे. पंधरा वर्षं दुसऱ्याने नांगरलेली जमीन! त्याच्याही दृष्टीने ती त्याची झालेली. 1799 मध्ये कानड्याचा पहिला कलेक्टर झाला टॉमस मन्रो. त्याच्यानंतर आलेल्या रेव्हनशॉने जमिनी सोडवून देण्यात लक्ष घातलं असं मंगळूरकर ख्रिस्ती लोक कृतज्ञतेने सांगतात. पण सगळ्यांना सगळं मिळालं नाही.

आणि बायकांचं काय? ज्या मुलींची तिथे लग्नं लावली गेली, त्यांना 1799 पर्यंत दहा-बारा वर्षांची मुलं असणार. त्यांच्यासाठी परतणं म्हणजे एक घर मोडून दुसऱ्या, कदाचित न उरलेल्या, घराच्या दाराशी जाणं. साठ हजारांतून वीस-पंचवीस हजारच का आले, याचं उत्तर फक्त मृत्यूंत नाही, यातही आहे असं मला वाटतं.

आपल्याकडचे दाखले

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. नेताजी पालकर 1667 मध्ये महंमद कुलीखान झाले, अफगाणिस्तानापर्यंत मोगलांच्या चाकरीत राहिले आणि 1676 मध्ये परत आल्यावर शिवाजी महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतलं. हे सगळ्यांना पाठ असतं. मला त्याहून मोठा दाखला फलटणच्या निंबाळकरांचा वाटतो. बजाजी निंबाळकर विजापूरकरांकडे बाटले आणि परत घेतले गेले असं परंपरा सांगते. महाराजांची लेक सखूबाई बजाजींच्या मुलाला, महादजीला, दिली गेली. प्रायश्चित्त ब्राह्मण देतो, पण लेक देणं हे घराचं काम. ते झाल्यावर कुणी शंका काढायची?

उलट बाजू 1843 च्या मुंबईत दिसते. श्रीपत शेषाद्री हा बाराएक वर्षांचा मुलगा मिशनऱ्यांकडे राहिला होता. त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं, पण जातीत घ्यायचं की नाही यावर रान पेटलं. बाळशास्त्री जांभेकर त्याला घ्यावं म्हणून उभे राहिले आणि त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला.

तिसरा दाखला गोव्याचा. 1928 मध्ये मसुराश्रमाच्या विनायक महाराज मसूरकरांनी ख्रिस्ती गावड्यांची शुद्धी केली, हजारो लोक हिंदू झाले. विधी थाटात झाला. पण आधीपासून हिंदू असलेल्या गावड्यांनी त्यांच्याशी सोयरीक जोडली नाही. ख्रिस्ती गावडे तर दुरावलेच. परिणाम असा की नवहिंदू गावडे ही तिसरीच जमात तयार झाली. परत आणलं, पण बसवलं ओसरीवर.

थोरला भाऊ

बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट अनेकांना माहीत असेल. सगळं उधळून परतलेल्या पोराला बाप धावत जाऊन मिठी मारतो, मेजवानी घालतो. आपण गोष्ट तिथेच संपवतो. पण लूकच्या शुभवर्तमानात ती पुढे चालते. शेतावरून आलेला थोरला भाऊ गाणं-बजावणं ऐकतो, रुसून बाहेरच थांबतो. बाप त्याची समजूत घालायला बाहेर येतो. तो शेवटी आत गेला की नाही हे गोष्टीत सांगितलेलंच नाही.

श्रीरंगपट्टणच्या परतीत बापाचं काम पाद्रींनी केलं. त्यासाठी ट्रेंटचा नियम हाताशी होता. पण थोरला भाऊ म्हणजे जे कधी गेलेच नाहीत ते : लपून वाचलेले, जमीन नांगरणारे शेजारी, सोयरीक जुळवणारे म्हातारे. त्यांच्यासाठी कुठलीच परिषद नियम करत नाही. मंगळूरकर ख्रिस्ती समाजात परतलेले आणि न गेलेले अशा दोन वेगळ्या जाती पडल्या नाहीत. गोव्याच्या गावड्यांत जे झालं ते इथे झालं नाही. म्हणजे इथला थोरला भाऊ, कुरकुरत का होईना, आत गेला. या पंचवीस हजारांच्या इतिहासात मला हीच सर्वांत मोठी घटना वाटते, आणि तिची तारीख कुठेच नाही.

आजही नोकरीनिमित्त, भांडणाने, आंतरधर्मीय लग्नाने किंवा नुसत्या आळसाने वीस-वीस वर्षं चर्चपासून लांब राहिलेली माणसं नाताळाला किंवा घरच्या कुणाच्या मातीला येतात आणि मागच्या बाकावर बसतात. फादर त्यांना ओळख देतात. पुढच्या रविवारी ती परत येतील की नाही हे बहुतेकदा शेजारच्या बाकावरचा माणूस ठरवतो. इतके दिवस कुठे होतात, हा प्रश्न प्रेमानेही विचारता येतो आणि टोचूनही.

धारवाड, हल्याळ, खानापूर पट्ट्यातल्या बऱ्याच कोकणी ख्रिस्ती घरांत पूर्वजांच्या पळापळीच्या गोष्टी सांगितल्या जातात. अशा घरांतून 1799 नंतरच्या परतीची, विशेषतः लग्नसंबंधांची आणि जमिनीची काही आठवण किंवा कागद असतील, तर ते आपल्या मंडळाला जरूर कळवावेत. किती गेले याचे आकडे पुष्कळांनी लिहिलेत. परतलेल्यांना कुणी जेवायला बसवलं, हे अजून लिहायचं राहिलंय.